ॲनोरेक्सिया, बुलिमिया आणि पोट: दोन घासांत पोट फुगतं ते नाटक नसतं

अबोली_ठाणे (१४ जून, रात्री १०:२०)

नमस्कार. धागा काढण्याआधी इथे बरंच शोधलं. वजन उतरवण्यावर ढिगाने धागे आहेत, पण ईटिंग डिसऑर्डर (खाण्याशी जोडलेला मानसिक आजार) असलेल्यांच्या पोटाचं काय होतं यावर काहीच मिळालं नाही, म्हणून लिहितेय.

माझी मुलगी १७ वर्षांची, यंदा बारावीला. एप्रिलमध्ये मानसोपचारतज्ज्ञांनी ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराचं, निदान केलं. त्याआधी जवळजवळ वर्षभर आम्ही पोटाचे डॉक्टर करत होतो, कारण तक्रारी सगळ्या पोटाच्याच. गॅस होतात, जेवलं की जड वाटतं, दूध पचत नाही, चार-चार दिवस पोट साफ होत नाही. सोनोग्राफी नॉर्मल. दुर्बिणीने तपासलं, जठराला किंचित सूज, त्यापलीकडे काही नाही. एका ठिकाणी कसलीही तपासणी न करता गहू बंद करायला सांगितला, मग दूध, मग डाळी. दर वेळी ताटातला एकेक पदार्थ कमी झाला आणि परत आला नाही. पाळी थांबली तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मला बाहेर बसवून तिला एकटीला बोलतं केलं, तेव्हा खरा आजार समोर आला.

गेल्या आठवड्यापासून आहारतज्ज्ञांच्या सांगण्याप्रमाणे खाणं वाढवतोय. पण पोट साथ देत नाही. आज दुपारचंच सांगते. वाटीभर मऊ वरणभात होता. निम्मा झाल्यावर तिने चमचा खाली ठेवला, बरगड्यांखाली हात दाबून धरला, सलवारीची नाडी सैल केली आणि सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली. ढेकरांवर ढेकर. मी हात लावून पाहिला तर वरचं पोट खरंच टम्म. चारच्या खाण्याला म्हणाली, दुपारचं अजून तिथेच आहे.

सासूबाई म्हणतात, पचत नाही तर पोरीवर जबरदस्ती कशाला. नवरा म्हणतो, हे न खाण्याचे बहाणे आहेत. दोघंही तिच्या काळजीनेच बोलतात आणि मी मधल्यामध्ये. हे पोटाचं दुखणं खरं असतं का? आधी पोट बरं करायचं की आधी खाणं? घरात कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

एक विनंती. वजनाचे आणि कॅलरींचे आकडे कोणीही लिहू नका. हा आजार असलेली मुलंमुलीही हे वाचत असतील, आणि असे आकडे त्यांच्या डोक्यातून जात नाहीत.

---

प्राजक्ता_वाई (१४ जून, रात्री १०:४१)

अबोलीताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझ्या भाचीचं अगदी हेच चालू आहे. लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण एकेक शब्द वाचतेय.

---

गॅस्ट्रो_डॉक (१४ जून, रात्री ११:३५)

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, तेव्हा तिच्या औषधांबद्दल काही सांगणार नाही. पण आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे घरातला वाद मिटायला मदत होईल.

तक्रार खरी आहे, शंभर टक्के. आणि त्या तक्रारीचा आधार घेऊन आजार तिला कमी खायला लावतो, हेही खरं आहे. सासूबाईंना पोट दिसतंय, तुमच्या मिस्टरांना आजार दिसतोय.

दीर्घकाळ अन्न कमी पडलं की शरीर काटकसर करू लागतं. नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, पाळी थांबते. त्याच काटकसरीत जठर आणि आतड्यांची हालचालही मंदावते. निरोगी माणसाचं जठर साधारण चार तासांत जवळपास रिकामं होतं. या मुलांमध्ये अन्न त्यापेक्षा बराच वेळ जठरात पडून राहतं, म्हणून थोडक्यात पोट भरतं, मळमळतं, फुगतं. मोठ्या आतड्याचा वेगही कमी होतो आणि मुळात आत गेलेलंच थोडं असतं, त्यामुळे बद्धकोष्ठ. त्यात पोटॅशियम कमी असेल तर आतड्याचे स्नायू आणखी सुस्तावतात.

१८७३ साली पॅरिसच्या लासेग नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं जे वर्णन केलं, त्यात सुरुवातच पोटाच्या तक्रारीपासून आहे. मुलीला जेवल्यावर अस्वस्थ वाटतं, पोट भरल्यासारखं होतं, आणि कमी खाणं हाच यावरचा इलाज असं तिच्या मनाने घेतलेलं असतं. दीडशे वर्षं झाली, आमच्या ओपीडीत आजही हेच ऐकू येतं. कमी खाल्लं की जठर मंदावतं, जठर मंदावलं की पोट फुगतं, फुगलं की आणखी कमी. हे चक्र फक्त एका बाजूने तुटतं: खाणं वाढवून. बहुतेकांच्या जठराचा वेग नियमित खाणं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सुधारायला लागतो, वजन पूर्ण सावरण्याच्या आधीच. सुरुवातीचे आठवडे मात्र सगळ्यात त्रासाचे. नेमकं तेव्हाच घरचे हाय खातात आणि खाणं पुन्हा कमी करतात. म्हणून 'आधी पोट बरं करू, मग खायला घालू' हा क्रम चालत नाही. पोट खाण्यानेच बरं होतं.

तपासण्यांबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी आधी पोटाचे आजार शोधले ते योग्यच होतं. आपल्याकडे तरुण मुलीचं वजन घटलं, पोट दुखतंय म्हटलं की आतड्याचा टीबी डोक्यात यायलाच हवा. सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), क्रोन्स (आतड्याची जुनाट सूज), थायरॉइड हेही पाहावं लागतं. सीलिअॅकची रक्ततपासणी मात्र गहू चालू असतानाच करायची असते, आधी बंद केला तर ती फसवी नॉर्मल येऊ शकते. दुसरं, पोटाचा आजार सापडला म्हणून ईटिंग डिसऑर्डर नाही असं होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात.

आणि कळकळीने सांगतो, ॲसिडिटीवरची पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. आपल्याकडे ती चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते. डॉमपेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि पोटॅशियम कमी असलेल्यांत हा धोका वाढतो. उलटीवरच्या ऑन्डानसेट्रॉनचंही तेच. कधीकधी आम्ही ही औषधं देतो, पण ईसीजी आणि रक्तातले क्षार पाहून, थोड्या दिवसांसाठी.

---

सरोजकाकू (१५ जून, सकाळी ६:५०)

अबोली, बाळा, काळजी करू नकोस. आमच्याकडे पोट जड झालं की एक दिवस लंघन आणि रात्री कोमट पाण्यातून चूर्ण, सकाळी कोठा साफ. एकदा पोट स्वच्छ झालं की भूक आपोआप लागेल पोरीला. पावसाळ्यात अग्नी मंद असतोच.

---

शमी (१५ जून, सकाळी ८:१५)

सरोजकाकू, तुमची माया कळते, पण या आजारात लंघन आणि चूर्ण दोन्ही नको. मी स्वतः यातून गेलेय म्हणून सविस्तर लिहिते.

मला बुलिमिया होता, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग उलटी करून किंवा जुलाबाचं घेऊन ते काढायचं, कॉलेजची सगळी वर्षं आणि पुढेही. घरात कोणाला कळलं नाही, कारण आमच्याकडे पित्त पाडायची पद्धतच आहे. बाबा डोकं दुखलं की सकाळी घशात बोटं घालून पित्त काढून टाकतात, आत्यापण. मी बाथरूममधून डोळे लाल करून बाहेर आले की आजी म्हणायची, पडलं का पित्त, बरं झालं, आता आलेपाक खा. कोणी खोटं वागत नव्हतं. पित्ताची उलटी ही घराघरात इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिच्याआड हा आजार वर्षानुवर्षं लपतो. कुठल्या घरात मूल जेवल्यावर लगेच, रोज, दार लावून 'पित्त काढत' असेल तर ते पित्त नाही, हे आयांनी लक्षात ठेवा.

दुसरं चूर्णाचं. पोट साफ करायच्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती मोठ्या आतड्यावर काम करते. खाल्लेल्या अन्नाचं पोषण त्याआधीच लहान आतड्यात शोषलं गेलेलं असतं. मग जुलाबातून जातं काय? पाणी, पोटॅशियम, सोडियम. काटा खाली दिसतो तो पाण्याचा. शरीर कोरडं पडायला लागलं की ते पाणी धरून ठेवणारे हार्मोन वाढवतं, आणि चूर्ण बंद केलं रे केलं की पाय, चेहरा, बोटं सुजतात. मला अंगठी निघेना इतकी सूज आली होती. त्या सुजेला घाबरून जवळजवळ सगळे पुन्हा चूर्णाकडे वळतात. माझ्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सूज येईल, ती चरबी नाही, काही आठवड्यांत उतरेल. ते आधी ऐकलेलं होतं म्हणून तरले.

आतडंही सुस्तावलं होतं. आपणहून पोट साफ व्हायला बराच काळ गेला. त्या दिवसांत पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली होती. ती आतड्याला चाबूक मारत नाही, मळात पाणी धरून ठेवते. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि रोज एका ठरावीक वेळी, नाश्त्यानंतर, घाई न करता बसायला सांगितलं होतं.

बरी झालेय. पोट अजून कधीकधी कुरकुरतं, पण मी सगळं खाते. कोणाला काही विचारायचं असेल तर निःसंकोच विचारा.

---

दंतवैद्य_कोल्हापूर (१५ जून, दुपारी २:०५)

शमी, इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

पचन तोंडापासून सुरू होतं, म्हणून माझीही भर घालतो. वारंवार उलट्या करणाऱ्यांचा आजार अनेकदा आधी दातांच्या डॉक्टरला दिसतो. वरचे पुढचे दात, जिभेच्या बाजूने, गुळगुळीत झिजलेले असतात. झोपेत दात खाल्ल्याने किंवा सुपारीने झिजतात ते चावायच्या बाजूने. आतल्या बाजूची ही झीज आम्लाचीच. जुनी फिलिंग्ज दातापेक्षा उंच दिसू लागतात, कारण भोवतीचा दात विरघळलेला असतो. थंड-गरम झोंबतं. तीव्र ॲसिडिटीतही अशी झीज होते, त्यामुळे नुसती झीज पाहून कोणावर ठपका ठेवत नाही, एकांतात शांतपणे विचारतो.

दुसरी खूण गालांची. कानाखालच्या लाळग्रंथी दोन्हीकडून फुगतात, गालफुगी झाल्यासारख्या, पण ताप नाही आणि फारसं दुखत नाही. त्या मुलीला आरशात चेहरा जाड दिसतो आणि ती आणखी घाबरते. उलट्या थांबवल्यावर पहिल्या काही दिवसांत ही सूज वाढूही शकते. शेक द्यावा, लाळ सुटेल असं थोडं आंबट-गोड चघळावं, हळूहळू उतरते.

उलटी झाली तर लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ पडलेला थर ब्रशने खरवडला जातो. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि किमान अर्धा तास थांबावं.

---

विहंग (१५ जून, रात्री ९:३०)

मुलांबद्दलही लिहितो, कारण अशा चर्चेत ती राहून जातात.

माझा धाकटा भाऊ कुस्ती खेळायचा. वजनगटात बसण्यासाठी स्पर्धेआधी अन्न-पाणी तोडायचं आणि स्पर्धा झाली की ताटंच्या ताटं रिकामी करायची. तालमीत सगळेच करतात म्हणून कोणाला वावगं वाटलं नाही. कुस्ती सुटली, खाण्याचं हे चक्र सुटलं नाही. पोटाच्या तक्रारींसाठी चार डॉक्टर झाले, पण खाण्याबद्दल एकानेही विचारलं नाही. मुलगी असती तर पाळीवरून तरी कोणाला शंका आली असती. मुलांच्या बाबतीत अशी धोक्याची घंटा वाजत नाही.

उपासमारीने माणसाचं काय होतं यावरचा एक जुना प्रयोग आहे, अबोलीताईंच्या मिस्टरांना तो जरूर सांगावा. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात जायला सदसद्विवेकाने नकार दिलेले, स्वतःहून पुढे आलेले तरुण होते ते. धडधाकट आणि मनाने खंबीर म्हणून निवडलेले. काही महिन्यांत ते एकेका जेवणावर तास-तास घालवू लागले, ताटल्या चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उदास झाले, चिडके झाले, गारठून गेले, पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. खाणं पुन्हा सुरू झाल्यावरही कितीतरी दिवस त्यांची भूक आणि पोट ताळ्यावर नव्हतं. यांतल्या कोणालाच ॲनोरेक्सिया नव्हता. नुसत्या कमी अन्नाने हे सगळं झालं. तेव्हा पोरगी बहाणे करते असं कोणी म्हटलं की मला हे ३६ जण आठवतात.

---

मेतकूट (१६ जून, सकाळी ११:००)

मी आहारतज्ज्ञ, गेली बरीच वर्षं या मुलामुलींबरोबर काम करतेय. अबोली, तुमच्या आहारतज्ज्ञांचा आराखडा हाच मुख्य. मी सांगतेय ते फक्त पोटाचा त्रास थोडा सुसह्य कसा करायचा त्याबद्दल.

मंद जठराला दोन गोष्टी जड जातात, एकाच वेळी खूप आकारमान आणि खूप तंतू. म्हणजे आपण ज्याला 'हेल्दी' म्हणतो तेच: मोठा वाडगा कोशिंबीर, मोड आलेली मटकी, कोबी, कोंड्याची भाकरी, वर इसबगोल. बद्धकोष्ठ आहे म्हणून घरचे प्रेमाने हेच वाढवतात आणि पोट आणखी तडतडतं. सुरुवातीला हे मागे ठेवायचं. थोडक्यात जास्त पोषण हवं. मऊ भात, मेतकूट आणि वर सढळ तूप. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण. रव्याची खीर, दाण्याचा लाडू, केळं, घट्ट दही, साय न काढलेलं दूध. दूध खरंच झोंबत असेल तर काही दिवस दह्यावर या, पण 'दूध कायमचं बंद' ही पाटी लावू नका.

तीन जेवणं आणि मधली तीन खाणी, साधारण तीन-तीन तासांनी. भूक लागण्याची वाट पाहायची नाही. भुकेची जाणीव या आजारात बिघडलेली असते, तिच्यावर विसंबता येत नाही. पोट भरलेलं वाटलं तरी पुढच्या खाण्याची वेळ पाळायची. प्रमाण थोडं उन्नीस-बीस चालेल, वेळ चुकवायची नाही.

जेवणाआधी पाण्याने पोट भरू देऊ नका, पाणी मधल्या वेळात. खोलीत शुगरफ्री च्युइंगम सापडतात का बघा, या मुलांमध्ये ते खूप चालतं. त्यातलं सॉर्बिटॉल नीट शोषलं जात नाही, मोठ्या आतड्यात त्याचा गॅस होतो, वर चघळताना हवा गिळली जाते ती वेगळीच. डाएट कोलाने फुगतं ते त्यातल्या गॅसने.

जेवण झाल्यावरचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात कठीण. गरम पाण्याची पिशवी पोटावर, ढगळ कपडे, आणि शेजारी कोणीतरी बसलेलं. पत्ते खेळा, मालिका लावा, लोकर गुंडाळायला द्या. 'दुखतंय का गं?' असं सारखं विचारू नका, लक्ष पुन्हा पोटाकडेच जातं. एकदाच सांगायचं: दुखतंय ते खरं आहे, मला दिसतंय, पोट पुन्हा कामाला लागलंय म्हणून होतंय, मी इथेच आहे.

इंटरनेटवर आयबीएससाठी (आतड्यात दोष न सापडता पोट दुखणं, शौचाचं बिघडणं) लो-फॉडमॅप म्हणून आहार सापडेल. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, कितीतरी फळं काढून टाकणारा. एरवी तो आयबीएसवाल्या माणसांना उपयोगी पडतो, पण ईटिंग डिसऑर्डर असताना आपल्या मनाने करू नये. आजाराला वर्ज्य पदार्थांची आयती यादी मिळते.

आणि उपास. पुढे चातुर्मास आहे, श्रावण आहे, नवरात्र आहे. 'मी सोमवार धरते' म्हटलं की घरात कौतुक होतं आणि ताट आपोआप टळतं. आजारी माणसाला उपास नाही, हे घरातल्या मोठ्यांनीच तिला सांगावं. आज्यांनी सांगितलं की त्याला वजन येतं. सरोजकाकू, इथे तुमच्यासारख्यांची खरी मदत होते.

---

सरोजकाकू (१६ जून, दुपारी ४:२०)

सगळं वाचलं. लंघनाचं मी मागे घेते. अबोली, तुझ्या सासूबाईंना माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर तुला व्यक्तिगत निरोपात देते. एका वयाच्या बायका एकमेकींचं ऐकतात.

---

अबोली_ठाणे (१६ जून, रात्री ९:५०)

किती जणांनी किती मनापासून लिहिलंय. विहंगचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण आज रात्री जेवण झाल्यावर पत्त्यांचा डाव त्यानेच मांडला. काकू, नंबर नक्की द्या.

डॉक्टर, एक विचारायचं आहे. आज तिच्या घोट्यांवर सूज दिसतेय, बोट दाबलं की खळगा राहतो. ती म्हणते पायात गळाल्यासारखं होतंय. महिन्यापूर्वीच्या रिपोर्टमध्ये लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली होती, ती तेव्हा कोणी फार मनावर घेतली नाहीत. घाबरण्यासारखं आहे का?

---

गॅस्ट्रो_डॉक (१६ जून, रात्री १०:१५)

घाबरू नका, पण वाटही पाहू नका. उद्या सकाळीच फिजिशियनला दाखवा. रात्रीत धाप लागली, छातीत धडधडलं, गुंगी आली, ती असंबद्ध बोलायला लागली किंवा उभी राहताना कोसळली तर सकाळ होऊ देऊ नका, तडक कॅज्युअल्टीत न्या.

पायावरची सूज खाणं वाढवताना पुष्कळांना येते आणि बऱ्याचदा निरुपद्रवी असते. पण 'रिफीडिंग सिंड्रोम' नाही ना, हे पाहावंच लागतं. उपाशी शरीराला पुन्हा अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. थायमिनही (व्हिटॅमिन बी-१) कमी पडतं. स्नायू गळतात, हृदयाची लय बिघडू शकते. खाणं वाढवल्याच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत धोका जास्त, आणि तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यावर आहात. साध्या 'इलेक्ट्रोलाइट्स'च्या तपासणीत अनेक लॅब फॉस्फरस धरत नाहीत, म्हणून चिठ्ठीवर फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळं लिहून घ्या. ईसीजी हवाच. खाणं मात्र स्वतःच्या मनाने बंद किंवा अर्धं करू नका, तो निर्णय उद्या डॉक्टर घेतील.

लिव्हरबद्दल. उपासमारीत एन्झाइम्स वाढतात आणि पोषण मिळाल्यावर बहुधा खाली येतात. क्वचित खाणं वाढवतानाही वाढतात, म्हणून परत तपासायची.

इतरांसाठीही लिहून ठेवतो. वजन खूप उतरलेल्यांत एक वेगळा त्रास होऊ शकतो. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून जातो, आणि त्यांच्यामधली चरबीची गादी आटली की तो चिमटला जातो. जेवल्यावर तीव्र दुखतं, हिरव्या-पिवळ्या उलट्या होतात, डाव्या कुशीवर किंवा पालथं झोपलं की बरं वाटतं. त्याला सुपीरियर मेझेंटेरिक आर्टरी सिंड्रोम म्हणतात, सीटी स्कॅनमध्ये कळतो. त्यावरही मुख्य उपचार पोषणच, फक्त काही काळ ते पातळ रूपात किंवा नळीने द्यावं लागतं. उलटीत रक्त, काळी डांबरासारखी शी, किंवा भरपूर खाल्ल्यावर पोट अचानक प्रचंड फुगून असह्य दुखणं आणि उलटीही न होणं, यांत घरी थांबायचं नाही.

---

मेलबर्नची_मीरा (१७ जून, पहाटे ४:४०)

इथे ऑस्ट्रेलियात ईटिंग डिसऑर्डरसाठी दाखल झालेल्या १०१ स्त्रियांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या ९८ टक्के जणींना पोटाचा एक ना एक 'फंक्शनल' विकार (तपासणीत दोष दिसत नाही, पण काम बिघडलेलं असतं असा) होता, आणि निम्म्याहून थोड्या जास्त जणींना आयबीएस. म्हणजे पोट ठीक असणं हाच अपवाद.

माझ्या मुलाला ईटिंग डिसऑर्डरचा वेगळा प्रकार आहे, एआरएफआयडी, म्हणजे वजनाच्या चिंतेशिवाय खाणं टाळणं. त्याला बारीक व्हायचं नाहीये. एकदा जेवताना घास अडकून उलटी झाली, आणि पुन्हा तसं होईल या भीतीने त्याने घन पदार्थच सोडले. २०१३ पासून हे निदान मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आहे, पण 'हट्टी आहे, जेवत नाही' म्हणून मुलांचं ते राहून जातं. त्याच्याही पोटाचं हेच, फुगणं आणि बद्धकोष्ठ. इथे आम्हा आईवडिलांनाच जेवणाची सूत्रं हाती घ्यायला शिकवलं. त्याने खूप फरक पडतोय.

---

प्राजक्ता_वाई (१७ जून, सकाळी ९:१०)

भाची लहान गावात आहे, तिथे मानसोपचारतज्ज्ञच नाहीत. सुरुवात कुठून करू?

---

गॅस्ट्रो_डॉक (१७ जून, दुपारी १:३०)

टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. त्याआधी गावातल्याच डॉक्टरांकडून नाडी, बसून आणि उभं राहून रक्तदाब, ईसीजी, साखर, पोटॅशियम, फॉस्फरस एवढं करून घ्या. आणि भाचीच्या आईने डॉक्टरांना पोटाच्या तक्रारीबरोबर हेही सांगावं: किती महिन्यांत किती कपडे सैल झाले, कुठले पदार्थ कधी सुटले, पाळी कधी आली होती, जेवल्यावर ती लगेच बाथरूममध्ये जाते का, घरातलं चूर्ण लवकर संपतंय का. नुसतं 'गॅस होतात' सांगितलं तर गॅसचीच गोळी मिळते.

---

अबोली_ठाणे (१८ जून, संध्याकाळी ७:०५)

दाखवून आले. ईसीजी ठीक, पोटॅशियम ठीक, फॉस्फरस कमी निघालं. फॉस्फेट आणि थायमिन सुरू केलंय, परवा पुन्हा रक्त द्यायचं आहे. दोन दिवस खाणं आहे तेवढंच ठेवा, मग वाढवा म्हणाले. सूज खाण्यामुळेच आहे आणि उतरेल, हे त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं. तिला ते पटलंय असं वाटतं.

मेतकूट, तिने आज आपणहून डोसा मागितला. आंबवलेलं चालेल ना?

---

मेतकूट (१८ जून, संध्याकाळी ७:२२)

चालेल! लोणी लावून द्या, ओल्या खोबऱ्याची चटणी बरोबर. सांबार छोट्या वाटीत आणि शेवटी, म्हणजे पातळानेच पोट भरणार नाही. मागितला असेल तर आजच करा. दोन दिवस प्रमाण वाढवायचं नाही म्हणालेत, तेव्हा हा रात्रीच्या भाताऐवजी धरा.